आज कुठला देश?

रविवारी सकाळी चहाचे कप उचलले जायच्या आतच धाकटी श्रुती विचारायची, "बाबा, आज कुठला देश?" मग दिनकर खराडे उगीचच घसा खाकरायचे, हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवायचे आणि मोठा निकाल जाहीर करावा तसं सांगायचे, "आज हंगेरी." किंवा "आज जपान." लखनौच्या विकास नगरातल्या त्या छोट्याशा घरात असे बरेच देश येऊन गेले.

दिनकर मूळचे कोल्हापूरजवळच्या कागलचे. अमौसीच्या विमानतळावर त्यांची नोकरी होती. वैमानिकांचं आणि विमानतळाचं बोलणं ज्या रेडिओ-यंत्रांवरून चालतं, ती यंत्रं नीट ठेवणं हे त्यांचं काम. डोक्यावरून कुठल्या कुठल्या देशांची विमानं जायची, त्यांतल्या माणसांचे आवाज दिनकरांच्या कानावर पडायचे. स्वतः त्यांनी मात्र देशाची वेस कधी ओलांडली नव्हती. ती हौस ते घरच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर भागवून घेत. संध्याकाळी स्कूटर लावली, हातपाय धुतले की ते रेडिओचं बटण फिरवत बसायचे. निरनिराळ्या देशांची केंद्रं तेव्हा हिंदीत कार्यक्रम करायची. त्यात बातम्या असत, तिथली गाणी असत आणि मधूनच एखादी निवेदिका आपल्या अडखळत्या, गोड हिंदीत तिच्या देशातला एखादा पदार्थ सांगायची. दिनकर तो हाताला लागेल त्या कागदावर उतरवून घेत.

असाच एकदा हंगेरीचा गुलाश उतरवून घेतला आणि अरुणाला, म्हणजे बायकोला, म्हणाले, "उद्या हे करून बघू या का?"

अरुणा कागलच्याच पंचक्रोशीतली. तिच्या हातचा मटणाचा रस्सा खाऊन माणसं बोटं चाटत. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, हा आपला रस्साच की. तिखट काढून घेतलंय नि नाव बदललंय."

तरी केला. दिनकर कृती वाचत होते, सोळा वर्षांचा धैर्यशील डोळे पुसत कांदे चिरत होता, श्रुती कागदावर हंगेरीचा झेंडा रंगवत होती आणि अरुणा सगळ्यांवर हुकूम सोडत होती. शेवटी तिला राहवलं नाहीच. माहेरहून दर उन्हाळ्यात येणारी कांदा-लसणीची चटणी तिनं चमचाभर पातेल्यात ढकलली. तो गुलाश चौघांनी पातेल्याला पाव पुसून खाल्ला.

तिथून हे वेड लागलं. लखनौत तेव्हा काय मिळणार? ऑलिव्हचं तेल औषधाच्या दुकानात, अंगाला लावायच्या छोट्या बाटलीत. मॅकरोनीसाठी हजरतगंज गाठायचं. जपानी भात चिकट व्हायला हवा म्हणून अरुणानं मुद्दाम बिघडवून भात केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी शाबासकी दिली ती बिघडलेल्या भाताबद्दल, यावर ती आठवडाभर हसत होती. बीटाचं रशियन सूप केलं तेव्हा दारावर येणाऱ्या भाजीवाल्यानं विचारलं, "बहनजी, इतना चुकंदर? घर में किसी को खून की कमी है क्या?" शहरात कर्फ्यू लागला त्या दिवसांत घरात डाळ, कांदे आणि तांदूळ एवढंच उरलं होतं. दिनकरांनी इजिप्तचा एक पदार्थ शोधून काढला, त्यात नेमकं तेवढंच लागत होतं. बाहेर रस्ते सुनसान आणि आत चौघं एका ताटाभोवती. श्रुती म्हणाली, "यार, इजिप्त तो बहुत अच्छा है." ती लखनौत वाढलेली, मराठी सगळं कळायचं, पण जीभ हिंदीकडे वळायची.

यात सगळ्यात जास्त रंगायचा धैर्यशील. त्याला पदार्थापेक्षा गाव जास्त दिसायचं. पीठ मळता मळता तो विचारायचा, "बाबा, हे लोक हे कुठं बसून खात असतील? थंडी असेल ना बाहेर?" आणि एकदा, हाताला पीठ तसंच लागलेलं असताना, म्हणाला, "मला हे सगळं तिथं जाऊन खायचंय."

बारावीनंतर त्यानं जहाजावरच्या इंजिनिअरचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. समुद्र त्या मुलानं एकदाच पाहिला होता, रत्नागिरीला, मावशीच्या लग्नात. अरुणा पहिल्यापासून विरोधात होती. मुलगा घरात नाही असं बघून ती दिनकरांना म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा. माझं ऐकणार नाही तो, तुमचं ऐकेल."

दिनकर नाही म्हणाले नाहीत. म्हणवेचना त्यांना. आपण आयुष्यभर कानांनी जग फिरलो, हा पायांनी फिरणार, या विचारानंच त्यांचा ऊर भरून यायचा. "जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "आपण कुणी गेलो नाही." चारबाग स्टेशनवर गाडी हलली तेव्हाही ती रडली नाही. फक्त खिडकीचा गज तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

शिक्षण संपवून धैर्यशील जहाजावर चढला आणि घरचा रविवार बदलला. आता देश दिनकर ठरवायचे नाहीत, धैर्यशीलचं जहाज ठरवायचं. बंदराला लागलं की तो फोन करायचा. आवाज खूप लांबून यायचा, मध्येच आपलेच शब्द परत ऐकू यायचे. "आई, सांतोसला आहे. ब्राझील. इथं काळ्या घेवड्याची दाट उसळ करतात, त्यात डुकराचं मांस घालतात."

"शी! तू खाल्लंस?"

"तू मटण घाल ना. तसंच लागेल. माझ्याकडून चटणी पण घाल."

रविवारी विकास नगरात ब्राझील शिजायचं. काळा घेवडा नाही मिळाला म्हणून डोंगरी राजमा यायचा. कोरियातून फोन आला की कोरिया, ओदेसाहून आला की ओदेसा. चौघांतला एक नव्हता, पण कांदा कोण चिरणार यावरून भांडण झालं की श्रुती म्हणायची, "दादा का काम है, दादा को बुलाओ," आणि तिघंही हसायची.

शहाण्णव सालच्या पावसाळ्याअखेर तो सुट्टीवर आला. रापला होता, खांदे भरले होते. आल्या आल्या त्यानं कोरियन पद्धतीनं कोबी मुरत घातला आणि असा काही वास सुटला की शेजारच्या बाई "सब खैरियत?" म्हणून विचारायला आल्या. अरुणा त्याच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरत होती. तो ढवळायला लागला की ती नुसतीच त्याच्याकडे बघत उभी राही.

एका दुपारी अरुणा दारात भाजी घेत होती. धैर्यशील जेवणाच्या टेबलावर बोटानं आकृती काढून बाबांना आणि श्रुतीला जहाज समजावत होता. "म्हातारी आहे आमची बोट. पत्रे गंजलेत. पण चालते." दिनकरांनी विचारलं, समजा काही झालं तर? तो सहज म्हणाला, "लाइफबोटी आहेत. शिवाय रबरी राफ्ट असतात, पांढऱ्या पिंपात घडी करून ठेवलेल्या. जहाज खाली गेलं तर पाण्याच्या दाबानं हूक आपोआप सुटतो, राफ्ट वर येते आणि फुलते. कुणी हात लावायची गरज नाही."

"और अगर कोई बचा ही न हो?" श्रुतीनं विचारलं.

"तरीही फुलते, खुळे. मशीन है."

दिनकरांच्या ओठांवर आलं होतं, ही बोट सोड, दुसरी बघ. पण कामाच्या माणसाला असं सांगायचं कसं? "जपून राहा," एवढंच ते म्हणाले. पुढच्या महिन्यात तो परत गेला.

फेब्रुवारीत त्याचा ब्राझीलहून फोन आला. जहाजात कच्चं लोखंड भरत होते, ते चीनला न्यायचं होतं. "वाटेत आफ्रिकेत डर्बनला तेल घ्यायला थांबू. तिथले आपले लोक अख्खा पाव कोरून त्यात मटणाचा रस्सा भरतात. आई, हे तर तुला झोपेतही जमेल."

तो डर्बनला पोचायचा अंदाज धरून त्यांनी त्या रविवारी तेच करायला घेतलं. मटण शिजत आलं होतं. दिनकर बेकरीतून न कापलेले पाव घेऊन आले होते. अरुणा एकेक पाव सुरीनं कोरत होती आणि आतला मऊ भाग श्रुती मटकावत होती. फोन वाजला तेव्हा श्रुती ओरडली, "दादा!"

दिनकरांनी उचलला. दादाचा नव्हता. मुंबईच्या ऑफिसातले एक गृहस्थ फार अदबीनं बोलत होते. जहाजाशी गुरुवारपासून संपर्क नाही. शोध सुरू आहे.

दिनकरांचा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. ते अमौसीत ड्यूटीवर बोलत तसा. "शेवटचा संदेश काय होता?"

"हवा खराब आहे. पुढच्या भागात पाणी शिरलंय. पंप चालू आहेत."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही, सर."

ज्या माणसाचं अर्धं आयुष्य रेडिओच्या खरखरीत आवाज शोधण्यात गेलं, त्याला त्या 'काही नाही'चा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. त्यांनी फोन ठेवला. अरुणा कोरलेला पाव हातात धरून दारात उभी होती. "कुणाचा?" तिनं विचारलं. आणि मग त्यांचा चेहरा बघून, "अहो, कुणाचा फोन?"

पुढचे दिवस कसे गेले ते त्या घरातल्या कुणाला नंतर धड सांगता आलं नाही. अरुणाचा भाऊ नंदकुमार मुंबईत होता, तो रोज त्या ऑफिसात जाऊन बसायचा आणि तिथून फोन करायचा. दिनकर रेडिओसमोर बसून आफ्रिकेची केंद्रं शोधायचे. शेवटी नंदकुमारनं कळवलं. विमानं परत बोलावली. समुद्रावर तेलाचा तवंग दिसला आणि एक राफ्ट मिळाली, उघडलेली, पण रिकामी.

अरुणा खुर्चीत होती ती ताठ झाली. इतक्या दिवसांनी तिच्या डोळ्यांत जीव आला. "म्हणजे उतरली ना माणसं राफ्टमध्ये? राफ्ट काय आपली आपण पाण्यात उघडते? कुणीतरी उघडली. मग दुसऱ्या कुठल्या बोटीनं उचललं असेल त्यांना. नाहीतर किनाऱ्याला लागली असतील. होय ना, अहो?"

दिनकरांनी श्रुतीकडे पाहिलं. श्रुती जमिनीकडे बघत होती. दोघांच्याही डोळ्यांपुढे जेवणाच्या टेबलावर फिरणारं तेच बोट होतं.

"बरोबर आहे तुझं," दिनकर म्हणाले.

त्या एका वाक्यावर अरुणा जगायला लागली. श्रुतीच्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात तिनं आफ्रिकेचा किनारा शोधला. तिथले समुद्राचे प्रवाह कुठून कुठं जातात हे दिनकरांना विचारून घेतलं. आणि एका रविवारी सकाळी चहाचे कप तसेच टेबलावर असताना तीच म्हणाली, "मादागास्करला काय खातात हो?"

दिनकरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तिकडं लागला असेल तर तिथलंच खात असेल ना तो," अरुणा म्हणाली. "आपण बघू तरी कसं लागतं ते."

त्या दिवशी पालेभाजी घालून मटण शिजवलं. त्यानंतर मॉरिशस झालं, मोझांबिक झालं, टांझानिया झालं. कृती कुठून मिळाली तर मिळाली, नाहीतर दिनकर तिथं काय पिकतं ते पुस्तकात बघून मनानंच काहीतरी सांगत. कांदा आता ते चिरत. कांद्याची एक सोय होती, डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारत नसे. अरुणा चार ताटं वाढायची नाही, तेवढं भान तिला होतं. पण पहिला घास घेऊन ती हटकून म्हणायची, "आवडलं असेल त्याला." मग म्हणायची, "चटणीची आठवण काढत असेल." श्रुती मान खाली घालून ताटातलं संपवायची आणि उठायची. पूर्वी जी पोरगी पातेली चाटून पुसून ठेवायची, ती आता रविवार आला की पुस्तकात तोंड खुपसून बसायची.

दिनकरांनी बऱ्याचदा ठरवलं, आज सांगायचं. अमौसीहून घरी येताना स्कूटरवर वाक्यं जुळवायचे. पण दार अरुणा उघडायची आणि तिच्या चेहऱ्यावर अजून वाट बघणाऱ्या माणसाचं तेज असायचं. ते विझवायला आपलाच हात पुढं करायचा? मुलाला जाऊ दे म्हणणारा मीच, आणि तो येणार नाही म्हणणाराही मीच? ते चपला काढून आत जायचे.

एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. श्रुती बारावीला होती. मार्चमध्ये तिची परीक्षा होती. त्याआधीच्या एका रविवारी अरुणानं सोमालियाची कसलीशी भाकरी थापायला घेतली होती. ती म्हणाली, "श्रुती, जरा ऊठ. पीठ सैल झालंय, मळून दे. धैर्या असता तर मला सांगावं लागलं नसतं."

श्रुती पुस्तक बंद करून आली, परातीसमोर बसली आणि हात पुढं करण्याऐवजी म्हणाली, "माँ, बस करो."

"काय?"

"बस करो ना. दादा सोमालिया में नहीं है." तिचा आवाज चिरकला. ती बापाकडे वळली. "आप क्यों नहीं बोलते? आपको मालूम है. राफ्ट अपने आप खुलता है. दादा ने हम दोनों को बताया था, यहीं, इसी टेबल पर. आप रोज प्याज काटते हो और बोलते नहीं. मुझसे नहीं होता अब, बाबा."

अरुणा पिठाच्या हातांनी तशीच बसून राहिली. तवा तापून धुरायला लागला होता. दिनकरांनी गॅस बंद केला.

"खरं आहे?" तिनं विचारलं.

"हो."

"आपोआप उघडते?"

"पाण्याच्या दाबानं. माणूस लागत नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"नंदकुमारचा फोन आला तेव्हापासून."

अरुणानं हळूहळू बोटांचं पीठ सोडवायला सुरुवात केली. एकेक बोट. मग ती म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला, त्याला नाही म्हणा. तेव्हा बोलला नाहीत. आणि हे विचारलं, तेव्हाही बोलला नाहीत."

ती उठली, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

ती त्यांच्याशी होळीपर्यंत बोलली नाही. घरात वरण-भात व्हायचा, तिघंजणं आपापल्या वेळेला खायची. श्रुती आपण काय करून बसलो म्हणून रडायची, तिला मात्र अरुणानं जवळ घेतलं, डोक्याला तेल लावून दिलं, पेपरला सोडायला गेली. दिनकर समोर आले की तिची नजर भिंतीवर जायची. ते संध्याकाळी रेडिओ लावत नव्हते. खुर्चीत नुसते बसायचे. आपल्याला शिव्या घातल्या असत्या, भांडी आपटली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

होळी झाल्यावर एका सकाळी ती त्यांच्यासमोर चहा ठेवत म्हणाली, "त्याचं करायला पाहिजे ना. असं लटकत ठेवलंय आपण त्याला."

काशीहून एक मराठी गुरुजी आले. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचे देठ बांधून माणसाची आकृती करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि सातूचं पीठ मळून वरून लावतात, मग तिला अग्नी देतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोमतीकाठी, भैंसाकुंडच्या घाटावर सगळी तयारी झाली. गुरुजी परातीत पीठ घेऊन पाणी घालणार, तोच अरुणा पुढं आली.

"मी मळते."

"बायकांनी हे करायचं नसतं," गुरुजी संकोचून म्हणाले. मग तिच्याकडे पाहिलं आणि परात सरकवून दिली.

अरुणा वाळूत मांडी घालून बसली. थोडं मळून झाल्यावर तिनं परात तशीच दिनकरांच्या पुढं केली. त्यांनी हात घातला. श्रुतीनं घातला. तिघांचे हात एकाच पिठात होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अरुणानं पिठाचा गोळा घेऊन त्या काड्यांच्या खांद्यांवर बसवला, सपाट केला, पुन्हा थोडा घेतला. "खांदे भरले होते त्याचे," ती गुरुजींना म्हणाली. गुरुजींनी मंत्र म्हणायचं थांबवलं आणि ते नदीकडे बघत राहिले.

दिनकरांनी अग्नी दिला. बापानं मुलाला.

त्यानंतर अरुणा त्यांच्याशी बोलायला लागली, पण कामापुरतं. गॅस संपलाय, लाइट गेलीय, श्रुतीचा निकाल कधी आहे. पुढं दिनकरांना विनंती करून कोल्हापूर भागात बदली मिळण्यासारखी होती. गावाकडे चार माणसांत तिला बरं वाटेल म्हणून त्यांनी विषय काढला. ती म्हणाली, "नको. फोनचा नंबर बदलेल." आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकून उठून गेली. दिनकरांनी तो अर्ज केला नाही.

थंडीत एक बाई पत्ता विचारत घरी आल्या. बाराबंकीजवळच्या खेड्यातल्या, नाव लीलावती. त्यांचा मुलगा अवधेश त्याच जहाजावर खलाशी होता. मुंबईच्या ऑफिसातून कुणाकडून तरी हा पत्ता त्यांना मिळाला होता. नवरा कधीचाच गेलेला. जाड शाल लपेटून त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बहनजी, हमरा लड़का उहाँ का खात रहा, कुछ मालूम है?"

अरुणाला ते माहीत होतं. धैर्यशील सुट्टीवर आला तेव्हा तिनं त्याला हेच सगळं खोदून खोदून विचारलं होतं. स्वयंपाकी गोव्याचा होता, शुक्रवारी मासे, रविवारी पुरी-भाजी, उत्तरेकडची पोरं भात नको म्हणून कुरकुर करायची आणि मग स्वतःच चपात्या लाटायची. ती एकेक सांगत गेली. लीलावती तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. "रोटी खुद बनात रहा?" त्या मध्येच म्हणाल्या. "घर में तो पानी तक नाहीं लेत रहा."

अरुणानं त्यांना जेवायला बसवलं. तुरीची डाळ, भात, बटाट्याची रस्साभाजी. जेवता जेवता त्यांनी हात थांबवला. "साहब, ऊ रबड़ वाली नाव तो मिली रही न? तो कोई न कोई तो बैठा रहा होई ओहमें?"

दिनकर दारात उभे होते. त्यांनी अरुणाकडे पाहिलं. अरुणा त्यांच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी ती अशी सरळ त्यांच्याकडे बघत होती.

मग ती लीलावतींकडे वळली आणि त्यांच्या भातावर डाळ वाढत म्हणाली, "हाँ दीदी. बैठा होगा."

दुपार कलल्यावर दोघं त्यांना चिनहटला सोडायला गेली, तिथून फैजाबाद रोडवर बाराबंकीची बस मिळते. बस येईपर्यंत लीलावती अरुणाचा हात सोडत नव्हत्या. खिडकीतून त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या, "खबर आवै तो बतायो, बहनजी." अरुणा मान हलवत राहिली.

परतीच्या टेंपोत दोघं मागच्या बाकावर बसली. समोर शाळा सुटलेली दोन मुलं आणि कोबीची पोती होती. बराच रस्ता मागे पडला. मग अरुणाचे खांदे हलायला लागले. चारबागला नाही, फोन आला तेव्हा नाही, घाटावर नाही, अशी कधीच न रडलेली बाई आता आवाज करून, तोंड न झाकता रडायला लागली. शाळेची मुलं बघायला लागली. टेंपोवाल्यानं मागे वळून विचारलं, "भाईसाहब, रोकूँ क्या?"

"नाही," दिनकर मराठीतच म्हणाले. "चला तुम्ही."

तिनं त्यांच्या दंडाला दोन्ही हातांनी धरलं होतं. विकास नगरचा फाटा आला, गेला. उतरायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.